थ्री नॉट थ्री आणि खडकीची दोन काडतुसं

सासरे जाऊन वर्ष झालं आणि ओहायोतल्या त्यांच्या घराचं तळघर रिकामं करायची वेळ आली. वॉशिंग मशीनमागच्या कपाटातून बायकोने ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक लांब वस्तू ओढून काढली. "आजोबांची रायफल. जर्मन सैनिकाकडून काढून घेतलेली," ती म्हणाली. दर थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबर ही गोष्ट मीही ऐकली होती.

ब्लँकेट उलगडलं आणि मी जवळजवळ ओरडलोच, "अगं, ही तर थ्री नॉट थ्री!" पुढचं ते बोथट, बसक्या नाकासारखं तोंड लहानपणी चौकीबाहेरच्या हवालदाराच्या खांद्यावर इतक्यांदा पाहिलं होतं की चूक होणं शक्य नव्हतं. २६/११ ला सीएसटीवर पोलिसांच्या हातात हीच जात होती, ब्रिटिश लष्कराची .३०३ इंची रायफल. जर्मन कुठली!

सासरे मला कितीदा म्हणाले असतील, चल रेंजवर. मी तेव्हा एच-वन-बी वर होतो, आणि त्या व्हिसावर बंदूक जवळ बाळगणं अमेरिकेत गुन्हा ठरतो. शिकारीचा परवाना काढला तर सूट असते, पण त्या भानगडीत मी पडलो नाही. ग्रीन कार्ड आलं तेव्हा त्यांच्याच्याने पायऱ्या चढवत नव्हत्या. मृत्युपत्राने रायफल बायकोकडे आली. ओहायोत रायफल ठेवायला वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा वाटावा इतका सोपा निघाला. आपल्याकडे .३०३ हा निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणारं नळीचं माप. पुण्यात असतो तर हे लिहीतच बसलो नसतो.

पहिली गोष्ट मी केली ती मात्र बरोबर केली. तोंड भिंतीकडे धरून, चापाला बोट न लावता, मॅगझिन काढलं. आत दोन काडतुसं होती! कपाटात कित्येक वर्षं ती भरलेलीच पडून होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, मागे ओढून टॉर्चने चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, पाहिली, करंगळी घालून चाचपलं. ते रिकामं होतं. बायको जिन्याच्या पायरीवर बसली ती दहा मिनिटं उठली नाही. याच तळघरात ती लपाछपी खेळायची.

काडतुसं उताणी करून बुडाची अक्षरं वाचली. के, मग बाण, मग एफ. ४३. आणि रोमन सात. सात म्हणजे मार्क सात, म्हणजे सातवी आवृत्ती, १७४ ग्रेन वजनाच्या गोळीचं नेहमीचं लष्करी काडतूस. ४३ म्हणजे १९४३. आणि के-एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. किर्की म्हणजे खडकी. मी खडकीचा! आमच्या घरातली घड्याळं ॲम्युनिशन फॅक्टरीच्या भोंग्यावर लावली जायची. १८६९ चा तो कारखाना, आमच्या गल्लीतली अर्धी माणसं तिथे कामाला, त्यात माझे आजोबाही. आजोबा लागले १९५१ साली, तेव्हा ही त्यांच्या हातची नव्हेत, हा हिशेब मी तिथे उभ्याउभ्याच केला आणि थोडा हिरमुसलो.

रायफल कुठली हे शोधायला एक संध्याकाळ पुरली. दस्ता जिथे धातूला भिडतो तिथे उजव्या बाजूला सगळी जन्मपत्रिका कोरलेली असते. मुकुट, खाली जी-आर-आय, म्हणजे जॉर्ज राजा आणि सम्राट. मग इशापोर, १९४२, आणि तिसरा मार्क, तारांकित. कोलकात्याजवळची इशापोरची रायफल फॅक्टरी. पुढे १९६० च्या दशकात याच कारखान्याने जवळपास अशाच रूपाची, पण ७.६२ मिमीच्या काडतुसाची रायफल काढली. दोन्ही अमेरिकेत जुन्या बाजारात फिरतात, म्हणून लांबून ओळखून काडतुसं विकत घेऊ नयेत. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ७.६२ च्या नाटोवाल्याला नसते. तरीही काडतुसावरून बंदूक ठरवायची नाही. मॅगझिनमध्ये कुणीही काहीही कोंबलेलं असू शकतं. धातूवरचे छाप वाचायचे, आणि तरी शंका उरली तर चेंबरचं माप घ्यायचं.

नळीच्या पुढच्या टोकाशी, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढ्या बारीक अक्षरांत एका अमेरिकन आयातदाराचं नाव आणि गाव होतं. १९६८ च्या कायद्यानंतर बाहेरून आणून विकलेल्या बंदुकीवर असा छाप मारावा लागतो. १९४५ साली सैनिकाने पिशवीतून घरी आणलेल्या रायफलवर तो कशाला असेल? म्हणजे बायकोचे आजोबा, जर्मन, युद्ध, सगळं सासऱ्यांच्या डोक्यातलं. हे बायकोला कसं सांगावं यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं तर ती हसली. "बाबा मासेसुद्धा विकत आणून पकडले म्हणून सांगायचे."

सव्वा तासावरच्या गावात एक म्हातारा बंदूक-कारागीर आहे. त्याने लाकूड उतरवलं आणि आधी डी-पी ही अक्षरं शोधली. ती असली तर बंदूक फक्त कवायतीची, तिने बार काढायचा नाही. नव्हती. बोल्टवरचा आणि चेंबरशेजारचा नंबर एकच होता. मग मापाच्या चकत्या आल्या. काडतुसाची कड बोल्ट आणि नळीच्या फटीत किती सैल बसते हे त्यांनी कळतं. ०.०६४ इंचाच्या चकतीवर बोल्ट मिटला. ०.०६७ च्यावरही मिटला, म्हणजे फट जरा जास्तच, तेव्हा माझा चेहरा पडला. ०.०७४ ची घातली, बोल्ट अडला. लष्कराने हीच शेवटची मर्यादा धरली होती, म्हणजे बाई वयस्क असल्या तरी कामाच्या होत्या. नळीच्या आत पाच पन्हळी, डावीकडे वळणाऱ्या, जरा काळवंडलेल्या. जुन्या काडतुसांच्या टोपीतले, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातले, क्षार साफ न केल्याने नळी अशी होते.

आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारायलाच खरं तर गेलो होतो. ही दोन काडतुसं, खडकीची, एक तरी उडवू का? तो नाही म्हणाला. ऐंशी वर्षांची दारू, पितळेची मान चिरलेली असू शकते, टोपी उशिरा पेटू शकते. चाप ओढला, काही झालं नाही म्हणून बोल्ट उघडला आणि तेव्हाच उडालं तर तोंडावर येईल. नवी आण, कारखान्यातली. मी वाद घातला नाही, पण गाडीत बसल्यावर उगाच रागावलो.

नवी सर्बियाची आणली, प्रवी पार्टिझानची. पहिले दोन बार खांद्याला लावून काढलेच नाहीत. जुन्या टायरला रायफल पट्ट्यांनी करकचून बांधली, चापाला दोरी, आणि आम्ही मातीच्या बांधाआड. उडालेल्या काडतुसांच्या दोन्ही रिकाम्या पुंगळ्या उन्हात धरून पाहिल्या. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर पितळ तुटायच्या बेतात आहे असं समजायचं. आतून वाकवलेली तार फिरवली, खाच लागली नाही. थोडी फुगली होती, पण या रायफलींची चेंबरं ऐसपैसच असतात. या पुंगळ्या पुन्हा भरायच्या नाहीत एवढं ठरवलं.

तिसरा बार बायकोने काढला. पहिला मान तिचा. कानावर मफ, डोळ्यावर चष्मा, आणि बार झाल्यावर एकच शब्द, जो इथे छापता येणार नाही. मग मी. पितळी पट्टीचा दस्ता खांद्यात असा घुसला की आठवडाभर डबा उचलताना आठवण यायची. शंभर यार्डांवर सगळ्या गोळ्या वीतभर वर लागल्या. या रायफलीची मागची नेमपट्टी दोनशे यार्डांच्या खाली उतरतच नाही, तेव्हा दोष नेमाचा नव्हे, असं मी सगळ्यांना सांगतो.

खडकीची काडतुसं शेवटी कारागिराने हत्याराने उघडली. गोळी निघाली, खाली पुठ्ठ्याची चकती, आणि तिच्याखाली दारूची भुकटी असेल या समजुतीने मी वाकून पाहिलं तर बारीक, तपकिरी काड्यांची जुडी. हुबेहूब शेवया! कॉर्डाइट असंच असतं म्हणे. त्याने त्यातली एक काडी अंगणात फरशीवर ठेवून पेटवली. आवाज नाही, फक्त पिवळी ज्योत सरकत सरकत टोकापर्यंत गेली. फोटो आईला पाठवला. तिने विचारलं, पुंगळी घेऊन येशील का. भारतात विमानतळावर रिकामी पुंगळी सापडली तरी काय होतं हे तिला फोनवर समजावत बसलो.