पुदिना, २ मिनिटं

आज दिवसभर हाताला पुदिन्याचा वास. बसमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलंच, "चटणी वाटून आलीस का गं?" काय सांगणार! लॅबमध्ये पुदिन्याचा अर्क काढत होते.

मंडईतली जुडी आठवडाभर सावलीत वाळवली होती. तिची १ ग्रॅम पूड, २० मिली पाणी-अल्कोहोल निम्मं-निम्मं, आणि लॅबचा मायक्रोवेव्ह. पहिल्याच फेरीत सगळं दुधासारखं उतू गेलं. मग वॉट कमी केले, ३०-३० सेकंदांचे हप्ते पाडले, मधेमधे बर्फात बुडवलं, तेव्हा कुठे जमलं. तापवणं एकूण २ मिनिटं. सॉक्सलेटवर (द्रावणाने पूड पुन्हा पुन्हा धुऊन अर्क काढणारं काचेचं उपकरण) याच कामाला तासन् तास राखण करत बसावं लागतं. ते उपकरणही १८७९चं, म्हणजे पणजीच्या आधीचं!

मायक्रोवेव्हमध्ये उष्णता बाहेरून आत शिरायची वाट बघावी लागत नाही. पानातला ओलावाच तापतो, वाफ कोंडते, पेशीची भिंत फुटते आणि आतलं रोझमॅरिनिक आम्ल (फिनॉल गटातलं, वनस्पतींत सापडणारं एक संयुग) द्रावणात उतरतं. तुळशीतही असतं बरं का हे.

गाळलेल्या अर्कात फोलिन (फिनॉल असले की निळं होणारं रसायन) टाकलं, वर धुण्याचा सोडा. बघता बघता पिवळट नळी शाईसारखी निळी. जितके फिनॉल जास्त, तितकी निळाई गडद. कालच्या सॉक्सलेटपेक्षा गडद वाटली, पण डोळ्यांवर माझा भरवसा नाही. नेमकी स्पेक्ट्रोला, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्राला, रांग!

(घरच्या मायक्रोवेव्हमध्ये हा उद्योग नको हं. अल्कोहोलची वाफ पेटते.)

उरलेली जुडी आईने मागितली आहे. उद्या पाणीपुरी.