एक वीत डावीकडे

गुहागरला किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून आमची रेंज आहे. रेंज म्हणायचं आपलं. तीन बट्रेस, म्हणजे टार्गेट लावायचे जाड ठोकळे, आणि चुकलेले बाण अडवायला मागे मासेमारीचं जुनं जाळं दुपदरी टांगलेलं. आठवडाभर मी शाळेत पीटी शिकवतो आणि रविवारी इथे तिरंदाजी. आमची मुलं इंडियन राउंड खेळतात. बांबूचं धनुष्य, त्याला ना नेम धरायची साईट ना तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर.

बंदुकीला पुढे माशी असते, मागे खाच असते. आमच्या धनुष्याला यातलं काहीच नाही, त्यामुळे मागची खाच म्हणजे चेहऱ्यावरची ती जागा, जिथे दोरी ओढलेला हात येऊन टेकतो. ॲंकर. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली, आणि तर्जनीचं टोक उजव्या ओठाच्या कोपऱ्याला. दर वेळी तिथेच. हे मी मुलांना इतक्यांदा सांगितलंय की माझी पाठ वळली की ती माझी नक्कल करतात.

आठवीतली एक मुलगी. हात स्थिर, डोकं शांत, निवड चाचणी आठ दिवसांवर. आणि तिचे बाण अचानक दोन ठिकाणी पडायला लागले. 30 मीटरवर, 80 सेंमीच्या टार्गेटवर, काही मधल्या पिवळ्यात आणि काही डावीकडच्या निळ्यात, बरोबर वीतभर लांब. विखुरलेले असते तर मी म्हटलं असतं मुलगी दमली. पण डावीकडचे बाणसुद्धा एकमेकांना चिकटून बसत होते.

पहिला संशय वाऱ्यावर. आम्ही दक्षिणेकडे तोंड करून मारतो, समुद्र उजवीकडे, दुपारी खारा वारा उजवीकडून येतो आणि बाण डावीकडे ढकलतो. म्हणून त्या रविवारी तिला सकाळी सहालाच बोलावलं. मतलई वारा होता, तोही जेमतेम, उलट बाजूचा. बाण तरी डावीकडेच. मग बाणांवर आकडे घातले. तीन नंबरचा बाण एकदा पिवळ्यात, एकदा निळ्यात. म्हणजे बाण निर्दोष. सोडताना हात गालापासून बाहेर फेकला जातो का, तेही पाहिलं, कारण त्यानेही बाण डावीकडे जातो. हात सरळ मागे जात होता.

आणि एक विचित्र गोष्ट. मी समुद्राच्या बाजूला, तिच्या छातीसमोर जाऊन उभा राहिलो की सहाच्या सहा बाण पिवळ्यात. परत सावलीत, तिच्या पाठीमागे आलो की दोन-तीन डावीकडे. मी मनाशी निदान करून टाकलं: सर बघतायत म्हटलं की लक्ष देते, एरवी नाही. दोन शब्द जास्तच बोललो तिला. ती काही बोलली नाही.

शेवटी कुंकवाचा उपाय केला. तर्जनीच्या टोकाला ओलं कुंकू लावायचं, सहा बाण मारायचे आणि गालावर किती ठिपके उमटले ते मोजायचं. ॲंकर फिरत असेल तर गालभर टिकल्या दिसतात. मी पाठीमागे उभा राहिलो. चार पिवळ्यात, दोन डावीकडे. आणि गालावर ठिपका एकच.

मी वाळूतच बसलो. बोट त्याच जागी टेकत होतं, मग चुकत काय होतं?

"इकडे ये गो. आ कर."

ती आ करेना. तिची आजी सुरूखाली बसली होती, तिने तिथूनच सांगितलं, "मास्तर, आमसूल हाय. पोरीच्या घशाला कोरड पडते, म्हणून मीच देते."

रेंजवर खायचं नाही हा माझाच नियम. त्यामुळे मी पाठीमागे असलो की आमसूल उजव्या गालात, कारण तो मला दिसत नाही. समोर आलो की जिभेने ढकलून डाव्या गालात. मधूनच चघळायला दाताखाली घेतलं की बाण पिवळ्यात. आमसूल तोंडात भिजून फुगतं, गाल आतून बाहेर येतो, आणि बोट त्याच कातडीवर टेकूनही दोरी डोळ्याखालून थोडी उजवीकडे सरकते. मागची खाच उजवीकडे, म्हणून बाण डावीकडे.

किती? तिच्या ओढीला नॉकपासून, म्हणजे बाणाचं दोरीत अडकणारं टोक, तिथपासून धनुष्यापर्यंत साधारण 70 सेंमी. 30 मीटर म्हणजे त्याच्या त्रेचाळीस पट. मागची खाच 5 मिलिमीटर बाजूला सरकली तर टार्गेटवर 21 सेंमी. एक वीत. पोरांसमोर वाळूत काडीने हा हिशेब मांडला, आणि मग तिला मुद्दाम सहा बाण आमसूल उजव्या गालात ठेवून, सहा बाण चूळ भरून मारायला लावले. दोन्ही गठ्ठ्यांमधलं अंतर एका मुलाने वितीने मोजलं. शाळेत गुणाकार इतक्या आनंदाने कुणी पाहिला नसेल.

जुन्या धनुर्वेदात ओढीची नावंच दोरी कुठवर आली त्यावरून आहेत: केसांच्या मुळाशी कैशिक, कानाशी वत्सकर्ण, खांद्याशी स्कंध. ओठाचा कोपरा त्यात नाही. असणार कसा, तो बोलला की हलतो, हसला की हलतो. त्या दिवसापासून आम्ही गालावरून वरचा सुळा चाचपून बोट त्यावर दाबतो, दात मिटून. वरचा जबडा कवटीला पक्का असतो.

तिची माफी मागितली. "ठीक आहे सर," म्हणाली, आणि कुंकू पुसायला गेली.

मुलं गेल्यावर मी जाळ्यातले बाण काढत बसलो होतो. वर्षभरापासून माझे स्वतःचे बाण उजवीकडे जातायत. मी ते चष्म्यावर ढकललं होतं, नंबर बदलून पाहिला, मग वयावर ढकललं. जीभ आपोआप उजवीकडे वरच्या बाजूला गेली. सुळ्यामागच्या दोन दाढा मी गेल्या पावसाळ्यात काढून घेतल्या, तिथे गाल आत बसलाय.

आजी अजून डबी आवरत होती. तिच्याकडून एक आमसूल मागून घेतलं, उजव्या गालात ठेवलं आणि धनुष्य उचललं. पहिला बाण लालात लागला, पिवळ्याच्या खाली, पण मधल्या उभ्या रेषेवर.