इलेक्ट्रिक विमानाची नोंद : मोटार बदलली, निवडीचा क्रमही बदलला

रेडिओवर उडवायच्या माझ्या छोट्या मॉडेल विमानाचा सांगाडा महिन्यापूर्वीच पूर्ण झाला होता. रखडली होती ती मोटार, ईएससी (मोटारीचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि बॅटरी यांची जुळणी, आणि त्याला माझी घाईच कारणीभूत होती. मी आधी मनात भरलेली मोटार घेतली आणि मग तिला बसेल असा प्रोपेलर शोधत राहिलो. २२१२ आकाराची १४०० केव्हीची ती मोटार ९×६ प्रोपेलर (व्यास ९ इंच, पिच म्हणजे एका फेऱ्यात कागदोपत्री पुढे सरकण्याचे अंतर ६ इंच) आणि तीन सेलच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर पूर्ण थ्रॉटलला चालवली, तेव्हा वॉटमीटरने २३ अँपिअर दाखवले. ईएससी होता २० अँपिअरचा. अर्ध्या मिनिटात मोटार इतकी तापली की तिच्यावर बोट ठेववेना. साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले चुंबकत्व कायमचे गमावू लागतात, त्यामुळे तो प्रयोग तिथेच थांबवला.

चूक केव्हीचा अर्थ लावण्यात होती. केव्ही म्हणजे मोटारीची ताकद नव्हे. भार नसताना प्रत्येक व्होल्टमागे मोटार मिनिटाला किती फेरे घेते, एवढेच तो आकडा सांगतो. प्रवाह किती ओढला जाणार हे ठरवतो तो प्रोपेलर. फेरे आणि पिच तेच ठेवून व्यास ९ इंचांवरून १० इंचांवर नेला, तर लागणारी शक्ती साधारण दीडपट होते, कारण ती व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. फेऱ्यांच्या बाबतीत ती तिसऱ्या घाताने वाढते. म्हणूनच केव्ही जास्त असेल तर प्रोपेलर लहान घ्यावा लागतो, आणि नेमके तेच मी केले नव्हते.

दुसऱ्या खेपेला हिशेब वजनापासून मांडला. बॅटरीसह विमान ९२० ग्रॅम भरते. संथ उडणाऱ्या, वर पंख असलेल्या शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे १४० ते १८५ वॅट, आणि ११.१ व्होल्टला सुमारे १३ ते १७ अँपिअर. चाकांच्या उंचीमुळे १० इंची प्रोपेलर जमिनीला न लागता फिरू शकत होता, म्हणून १०×४.७ ठरवला आणि त्याला साजेशी १००० केव्हीची मोटार घेतली. वॉटमीटरवर आकडे आले १४.६ अँपिअर, ११.६ व्होल्ट आणि १६९ वॅट. मोटार कोमट झाली, एवढेच. ईएससी आता ३० अँपिअरचा आहे. इतकी मोकळीक लागत नाही हे मान्य, पण काही ग्रॅम जादा वजनाच्या बदल्यात निश्चिंती मिळते.

बॅटरीच्या लेबलावरील सी-रेटिंगवर (क्षमतेच्या किती पट प्रवाह देता येतो हे सांगणाऱ्या आकड्यावर) मात्र मी विसंबत नाही. २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि २५ सी म्हणजे कागदोपत्री ५५ अँपिअर. पूर्ण भरलेली माझी नवी बॅटरी वर सांगितलेल्या भाराखाली १२.६ वरून ११.६ व्होल्टपर्यंत उतरली, तर तेच लेबल असलेली जुनी १०.८ पर्यंत घसरली. लेबल दोन्हींवर एकच, हे लक्षात घ्यावे. जुनी आता जमिनीवरच्या चाचण्यांपुरती ठेवली आहे.

अवजारांमध्ये वॉटमीटरखालोखाल महत्त्वाचे ठरले ते सोल्डरिंग आयर्न. २५ वॅटच्या आयर्नने एक्सटी६० कनेक्टर जोडायला गेलो, तर १४ गेजची जाड तार सगळी उष्णता ओढून घेई आणि सोल्डर दाणेदार, निस्तेज गोळा होऊन वरच बसे. ६० वॅटचे आयर्न आणि रुंद, चपटे टोक घेतल्यावर तेच सोल्डर दोन-तीन सेकंदांत तारेच्या धाग्यांत मुरले आणि चकाकू लागले. सोल्डरिंग करताना कनेक्टरचे नर आणि मादी भाग एकमेकांत अडकवून ठेवावेत, नाहीतर प्लास्टिक मऊ पडून आतल्या पिना तिरक्या होतात. बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी कापू नयेत. एक कापून, जोडून, झाकून मगच दुसरीला हात लावावा. जोड झाकणारी, उष्णतेने आकुंचन पावणारी नळी तारेत आधीच ओवायची असते, हे मी दोनदा विसरलो.

मोटार पहिल्यांदा उलटी फिरली. तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा बदलते, त्यामुळे तो प्रश्न मिनिटभराचाच होता.

सर्वोंच्या (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारींच्या) वीजपुरवठ्याला वेळ लागला. ईएससीमधला रेग्युलेटर लिनिअर प्रकारचा आहे, ११.१ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना तो एक अँपिअरमागे सहा वॅटहून अधिक उष्णता निर्माण करतो, आणि माझे सर्वो चार आहेत. म्हणून वेगळा स्विचिंग बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणारा, कमी तापणारा रेग्युलेटर) बसवला आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार पिनेसह बाहेर काढून टेपने गुंडाळली, जेणेकरून दोन रेग्युलेटर एकाच रिसीव्हरला वीज देणार नाहीत. चारही सर्वो एकदम हलवूनही व्होल्टेज ४.९ च्या खाली गेले नाही. आता बॅटरी पुढे-मागे सरकवून गुरुत्वमध्य बसवायचा आहे, आणि प्रोपेलर तोवर काढून ठेवला आहे.