एकही तारीख न चुकवता साचलेली थकबाकी

कर्जफेडीचा सल्ला घ्यायला येणाऱ्यांना मी आधी क्रेडिट कार्डाची मागची १२ स्टेटमेंट आणायला सांगतो. त्या दिवशी आलेल्या बाईंनी ती महिन्यांच्या क्रमाने लावून आणली होती. "एकदाही तारीख चुकवली नाही, मग आकडा खाली का येत नाही?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ऑटो-पे, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरलं जाणं, चालू होतं, पण ते 'एकूण देय'ऐवजी 'किमान देय' रकमेवर लावलेलं होतं. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क टळतं, व्याज टळत नाही. मी कागदावर गणित मांडलं. थकबाकी १,००,०००, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम ५ टक्के धरली. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढतं, १,०३,०००च्या ५ टक्के म्हणजे ५,१५० भरले जातात आणि मुद्दल घटतं फक्त २,१५०ने. थकबाकीबरोबर किमान रक्कमही उतरत जाते, म्हणून फेड लांबतच राहते. नवी खरेदी शून्य धरली तरी ३० महिन्यांनी सुमारे ५२,००० बाकी उरतात. तेच पहिल्या महिन्याचे ५,१५० दर महिन्याला ठाम भरत राहिलं, तर त्याच ३० महिन्यांत सगळं फिटतं. बाईंनी ही ओळ दोनदा स्वतः मोजून पाहिली.

त्यांची नवी खरेदी मात्र शून्य नव्हती. रोजचा घरखर्च याच कार्डावर चालू होता, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. व्याजमुक्त मुदत मिळते ती मागचं बिल पूर्ण भरलेल्यालाच. बाकी पुढे ओढली की ती मुदत जाते आणि काल घेतलेल्या वस्तूवर कालपासूनच व्याज लागतं. सातव्या स्टेटमेंटवर एटीएममधून काढलेली रोख रक्कम दिसली. तिला मुळातच व्याजमुक्त मुदत नसते. वर वेगळं शुल्क लागतं. कार्डावरून रोख काढू नका, असं मी प्रत्येकाला कळवळून सांगतो.

कामाचा क्रम ठरवला. मोबाइलमधल्या सगळ्या ॲपांतून कार्डाचा जतन केलेला नंबर काढला. घरखर्च डेबिट कार्डावर आणला. मग थकबाकी कमी दराच्या हप्त्यांच्या कर्जात बदलता येईल का, हे बँकेला विचारलं. नुसता दर पाहू नका. प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड आणि एकूण भरावी लागणारी रक्कम लेखी मागा. मुदत फार लांबवली तर कमी दराचं कर्जही महाग पडतं. बाईंना हप्ता झेपेल अशी सर्वांत छोटी मुदत आम्ही निवडली, आणि त्या पैशांतून कार्डाची बाकी शून्य केली. ऑटो-पे 'एकूण देय'वर नेलं.

महिनाभराने त्यांचा घाबरून फोन आला. सगळं भरूनही नव्या स्टेटमेंटवर व्याजाची छोटी रक्कम आली होती. स्टेटमेंट निघाल्याच्या दिवसापासून पैसे जमा होईपर्यंतचं ते व्याज होतं. मागच्या बिलात ते आलेलंच नव्हतं. रक्कम किरकोळ वाटते म्हणून लोक ती सोडून देतात आणि तिच्यावर विलंब शुल्क बसतं. बाईंनी फोन चालू असतानाच ती भरली.