तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या क्विल्टिंग रिट्रीटला काय काय न्यायचं?

"पहिल्यांदाच रिट्रीटला चाललेय, काय काय घेऊ?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढावं. रिट्रीट म्हणजे दोन-चार दिवस एकत्र राहून, सकाळपासून रात्रीपर्यंत जिचं तिचं क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली गोधडी, शिवत बसायचं. शिकवणी बहुतेक ठिकाणी नसते. टेबल, खुर्ची आणि विजेची सोय तिथे होते, बाकी सगळं आपण न्यायचं असतं.

विचारणारीला यादी हवी असते, हे मला कळतं. पण यादीच्या आधी एक काम करा. बॅग भरून झाली की निघायच्या दोन दिवस आधी ती घरीच उघडा आणि फक्त त्या बॅगेतल्या वस्तू वापरून एक अख्खा ब्लॉक (तुकडे जोडून केलेला क्विल्टचा एक चौकोन) शिवा. कपाटाला, खणाला हात लावायचा नाही. शिवताना ज्या ज्या वस्तूसाठी उठावं लागेल ती कागदावर लिहा. तुमची खरी यादी ती. दुसऱ्या कोणाची यादी तुमच्या उपयोगाची नाही, कारण तुमच्या हाताला कशाची सवय आहे ते तुम्हालाच माहीत.

हे मी पहिल्या खेपेला केलं असतं तर माझ्या शिलाई मशिनचं पायडल घरी राहिलं नसतं. मशिन उचललं, वायर गुंडाळली, कापडाचे तीन डबे भरले. पायडल मात्र टेबलाखाली जमिनीवर होतं, नेहमी असतं तिथेच, आणि खाली वाकून बघायचं मला सुचलंच नाही. दुसरीचं पायडल मागून आणलं, पण त्याची पिन वेगळी होती. दुसऱ्या कंपनीचं पायडल जबरदस्तीने लावूही नये, मशिन बिघडू शकतं. घरून कोणी ते आणून देईपर्यंत दीड दिवस गेला. तो दीड दिवस मी इतरांचे ब्लॉक इस्त्री करत होते, पण मन सगळं बंद मशिनकडे. म्हणून आता पायडल आणि वायर एका पिशवीत घालते आणि पिशवी मशिनच्या हँडललाच बांधते.

आता कापडाबद्दल. माझं ठाम मत आहे की कापणं घरी आणि शिवणं तिथे. रिट्रीटला कापायचं टेबल सगळ्यांत मिळून असतं, तुमची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. आजूबाजूला गप्पा चाललेल्या असतात. चुकलेली टीप उसवता येते, चुकून कापलेला तुकडा जोडता येत नाही. मी एकेका ब्लॉकचे तुकडे वेगळ्या झिपच्या पाकिटात भरते आणि आत चिठ्ठी टाकते: 'गडद, अडीच इंच, 5 नग, फिकट, अडीच इंच, 4 नग'. पाकीट उघडलं की थेट सुईखाली. मुख्य कापडांचा थोडा न कापलेला भाग सोबत ठेवायचा, एखादा तुकडा वाया गेला तर अडायला नको. घरी कापायला अजिबात वेळ नसेल तर आधीच कापून मिळणाऱ्या अडीच इंची पट्ट्या किंवा पाच इंची चौकोन घेऊन जा.

पुष्कळ जणी रिट्रीटसाठी घरचं जड मशिन न नेता हलकं, छोटं मशिन नेतात. जरूर न्या, पण अर्धवट झालेलं काम त्यावर पुढे चालू करण्याआधी माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेली कापडाची कड, तपासा. क्विल्टिंगमध्ये माया पाव इंच, म्हणजे दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). मशिन बदललं, फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा मशिनचा पाय) बदललं की ती अर्ध्या सुताने सहज सरकते. तपासायची सोपी रीत अशी: अडीच इंचांचे नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळीत जोडा. ब्लॉक बरोबर साडेसहा इंच भरला पाहिजे. माया अर्धा सूत जास्त गेली तर एका शिवणीत दोन्हीकडचं मिळून एक सूत जातं, दोन शिवणींत दोन सूत, आणि ब्लॉक सव्वासहा भरतो. असे आठ ब्लॉक एका ओळीत जोडा, ओळ पावणेतीन इंचांपेक्षा जास्त आखूड होते. आधी घरच्या मशिनवर केलेली ओळ आणि ही ओळ एकमेकींना कधीच जुळणार नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे, घरीच करून बघा.

कामं किती न्यायची? तीन. एक साधं, डोकं न लावता एकामागून एक तुकडे सुईखाली सरकवत माळेसारखे शिवत जायचं. एक लक्ष देऊन करायचं, सकाळच्या उजेडासाठी. आणि एक हातशिलाईचं, रात्रीसाठी. गोट मशिनने एका बाजूला लावलेला असेल तर दुसरी बाजू हाताने टाचायला रिट्रीटच्या रात्रीसारखी वेळ नाही. डोळे थकल्यावर रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा कापड कापायचा कटर) हातात घेऊ नका, एवढं माझं ऐका. आणि कापून झालं की पातं दर वेळी बंद करायचं, भोवती माणसं असतात.

छोट्या वस्तूंत नव्या सुया (80 नंबर, थोड्या 90), कटरचं एक जादा पातं, आणि घरीच भरून ठेवलेल्या आठ-दहा बॉबिन. बहुतेक जोडणीला राखाडी किंवा मोतिया दोरा चालून जातो, प्रत्येक रंगाचं रीळ नेऊ नका. मोजायच्या पट्ट्या, कात्री, कटरखाली ठेवायची मॅट सगळ्यांच्या सारख्याच दिसतात, म्हणून प्रत्येकीवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. मॅट सपाट ठेवून न्यायची आणि उन्हातल्या गाडीत सोडायची नाही. उष्णतेने ती वाकली की सहसा पुन्हा पूर्ववत होत नाही. मशिन नेताना फुटाखाली दुमडलेलं कापड घालून फूट खाली करा.

इस्त्री न्यायची की नाही हे आयोजकांना विचारा. घरगुती मशिनला साधारण 100 वॅट पुरतात, इस्त्री 1,000 वॅट किंवा त्याहून जास्त ओढते. चार जणींनी एकाच लाइनवर इस्त्र्या लावल्या की फ्यूज जातो आणि सगळ्यांची मशिनं बंद पडतात. तुमची एक्स्टेन्शन मशिन आणि दिव्यापुरतीच ठेवा. सामाईक इस्त्रीपर्यंत चालत जावं लागतं हे मला तर आवडतं, तेवढीच पाठ मोकळी होते. खुर्चीसाठी एक घट्ट उशी मात्र आवर्जून न्या. तिथल्या खुर्च्या शिवणकामाच्या उंचीच्या नसतात आणि कोपर टेबलाखाली राहिलं की संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. कपडे सैल, चपला आरामाच्या. खोलीत कोणी सोबत असेल तर कानातले बोळे.

एक प्रश्न बहुतेक जणी शेवटी हळूच विचारतात: "मी फार सावकाश शिवते, बाकीच्यांपुढे बरं दिसेल का?" जी ती आपल्या सुईकडे बघत असते हो. आणि बघितलंच कोणी, तर तुमचे रंग बघायला येतं. पहिल्या रिट्रीटहून मी चार ब्लॉक घेऊन आले होते. तेच क्विल्ट आज माझ्या पलंगावर आहे.

आणि सीम रिपर (टीप उसवायचं छोटं हत्यार) दोन घ्या. एक तुम्हाला, एक शेजारच्या टेबलाला. माझं पायडल आल्यावर मी पहिलीच शिवण उलटी जोडली, तेव्हा शेजारच्या बाईंनी काही न विचारता त्यांचा दुसरा रिपर माझ्यापुढे ठेवला. पुढच्या वर्षी नाव नोंदवताना मी त्यांच्या शेजारचंच टेबल मागितलं.