कोमल निषादाला अडकलेला चेंडू

शनिवार, रात्री साडेनऊ

चेंडू वर गेला नाही. आज झालं ते एवढंच.

पहिल्या वर्षाची पोरं लॅब बघायला आली होती. दरवर्षीचाच खेळ. माइकसमोर 'आऽऽ' लावायचा, चढवत न्यायचा, पडद्यावरचा लाल चेंडू स्वराबरोबर वर जातो आणि छताला टेकला की टुणकन वाजतो. पहिला आवाज काढायला कुणी धजत नाही, म्हणून आधी मीच करून दाखवते. आज लावला, चढवला, आणि चेंडू पाऊण वाटेवर जाऊन थरथरत राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. तिसऱ्या वेळी घशातून नुसती खरखर निघाली आणि चेंडू थेट तळाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. केतकी हळूच म्हणाली, "मॅडम, थ्रेशोल्ड खाली घेऊ का?"

"नको." जरा जोरातच म्हणाले बहुतेक.

थ्रेशोल्ड, म्हणजे चेंडू छताला टेकतो तो आकडा, माझाच. 2006 साली घातलेला, 415 हर्ट्झ. तेव्हा मी काळी चारमध्ये गायचे, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. तळाला माझा मध्य सा, 208. छताला तार सा, 415. रात्री दोन वाजता चाचणीला दुसरा गळा कुठून आणणार? माझाच घेतला. माझ्या शोधनिबंधात मात्र व्यवस्थित लिहिलं होतं की प्रत्येक वापरणाऱ्याचा पल्ला आधी मोजून घ्यावा. डेमोत तेवढा वेळ कुणाला असतो?

घरी आल्यावर फोनवरच्या ट्यूनरसमोर उभी राहिले. (पेटी काढली नाही. ती काढली असती तर वेगळंच काहीतरी सुरू झालं असतं.) 370. त्यापुढे काटा हलेना. माझ्या सा पासून मोजलं तर कोमल नी. म्हणजे चेंडू बरोबर कोमल निषादाला जाऊन अडकला होता. यंत्राचं काही चुकलेलं नव्हतं, हेच जास्त लागलं.

पन्नाशीनंतर बाईचा आवाज उतरतो, स्वरतंतू जाड होतात, हे मी वर्गात शिकवते. स्लाइड आहे त्याची. खरखरत्या आवाजात पिच, म्हणजे स्वराची उंची, ओळखणारा प्रोग्रॅम सप्तकभर खाली घसरतो, हेही शिकवते. त्याच्या उदाहरणाला आजवर दुसऱ्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग वापरत आले.

शब्दांशिवाय, नुसत्या आवाजानं यंत्र चालवण्यावरचा इगाराशी आणि ह्यूज यांचा 2001 चा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा हसूच आलं होतं. 'आऽऽ' लांबवत राहाल तोवर टीव्हीचा आवाज वाढत राहील, जिभेनं 'त त त' कराल तितकी पावलं पुढे. म्हटलं, हे आमचे आबा बैलांशी करायचे की! जीभ टाळूला लावून टकटक केलं की चाल, लांब हुंकार दिला की थांब. शब्द एक नाही आणि बैलाला सगळं समजतंय. त्या हसण्यातूनच पुढची वीस वर्षं निघाली. सिएटलच्या संशोधकांनी अ, आ, ई अशा स्वरांवरून कर्सर हलवला, तोंडाचा आकार बदलला की दिशा बदलते. कलाकार केली डॉब्सनच्या मिक्सरसमोर गुरगुरलं की तो तसाच गुरगुरत फिरतो (मला सगळ्यात आवडलेलं काम हेच, आणि त्याचा 'उपयोग काय' हे मी आजवर कुणाला पटवू शकलेले नाही). स्पोर्का आणि मंडळींनी टेट्रिस गुणगुणून खेळवलं आणि बोलून हुकूम सोडण्यापेक्षा गुणगुणणं चपळ पडतं हे दाखवलं. साधी गोष्ट आहे. शब्द संपेपर्यंत यंत्राला थांबावं लागतं, हुंकार सुरू झाल्या क्षणापासून काम करतो.

हे सगळं गेल्या महिन्यात एका समितीपुढेही सांगितलं. त्यांचा प्रश्न, "आता फोनला मराठीत बोललेलंही समजतं, मग हे हुं-हूं कशाला?" जाऊ दे. त्यावर आज लिहायचं नाही.

चेंडूवरच लिहायचंय. तो का एवढा लागला? गाणं सुटलं तेव्हा इतकं वाटलं नव्हतं. तेव्हा कारणं होती, विनयची बदली, आईचं ऑपरेशन. आज कारण नव्हतं, नुसता आकडा होता. आणि त्या आकड्याखाली मीच बारीक अक्षरात लिहून ठेवलेली कॉमेंट, 'सहज पोचतो'. कुणाला सहज गं?

मग त्या आजी आठवल्या, विज्ञान प्रदर्शनातल्या. नातवानं माइकपुढे उभ्या केलेल्या. त्यांचा चेंडू निम्म्यातही जाईना. मी उत्साहानं म्हणत होते, "आजी, अजून थोडं वर, अजून थोडं." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसत बाजूला झाल्या. मी त्याची नोंद केली होती, 'संकोच'. एका शब्दात. पुढे एका पेपरात तो शब्द गेलाही.

संकोच कसला!

हे लिहिता लिहिता स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडला, प्रोग्रॅम चालू केला. पुन्हा एकदा आऽऽ. कोमल नी. पाणी प्यायले, परत आऽऽ. कोमल नी, आणि वर खोकला. तेवढ्यात वरणाच्या कुकरनं शिट्टी दिली आणि चेंडू एका झेपेत छताला. टुण्ण! दुसरी शिट्टी, परत टुण्ण. मला जे जमेना ते कुकरला पहिल्या फटक्यात. मी एवढी हसले की हसण्यावर चेंडू वेड्यासारखा वरखाली उड्या मारायला लागला, आणि आतून आईचा आवाज आला, "काय गं, कोण आलंय?"

कुणी नाही, म्हटलं.

हसताना तो एकदा छताला लागला होता का, ते पाहायचं राहिलंच.

गॅस बंद करून फाइल उघडली. 415 खोडलं. तिथं 370 लिहिणार होते, हात थांबला. परवा 350 झालं तर परत केतकी येणार कानाशी. शेवटी त्या जागी आकडा घातलाच नाही. सुरुवातीला एक पडदा टाकलाय, 'आधी तुमचा सा लावा'. तिथून सोयीनं जेवढं वर जाता येईल, तिथं छत. जेमतेम बारा ओळी. 2006 मध्येही बाराच लागल्या असत्या.

आईला बोलावून पहिला सा तिचाच घ्यावा म्हटलं, तर ती म्हणते, आधी वरणाला फोडणी दे.