मोकी डगवेला भाड्याची गाडी घालू नका : युटा-ॲरिझोनाच्या दहा दिवसांचा वृत्तांत

आधी एकच गोष्ट सांगतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. युटामध्ये नॅचरल ब्रिजेस हे उद्यान पाहून मेक्सिकन हॅट या गावी निघालात की फोनमधला नकाशा तुम्हाला हायवे २६१ वर वळवेल. वळू नका. ब्लँडिंग आणि ब्लफवरून डांबरी रस्त्याने जा. तासभर जास्त लागेल, लागू द्या. त्या २६१ वरच्या मोकी डगवे नावाच्या कच्च्या उताराने आमची अख्खी संध्याकाळ, एक टायर आणि ६४० डॉलर खाल्ले. आपले छप्पन हजार रुपये.

आम्ही चौघं. मी, बायको, दादा आणि वहिनी. नागपूरच्या धरमपेठेतून निघालो ते सप्टेंबर २०२५ च्या शेवटच्या पंधरवड्यात. गाडी दादा आणि मी आळीपाळीने चालवली. लास वेगासला घेतली, तिथेच परत केली. वाटेत झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, नॅचरल ब्रिजेस, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅन्यन. दहा दिवसांना हे जास्त झालं.

झायन आणि ब्राइस निर्विघ्न पार पडले, म्हणून थोडक्यात. झायनमध्ये मार्च ते नोव्हेंबर मुख्य दरीच्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येत नाही, पार्कची बस घ्यावी लागते. पार्किंग सकाळीच भरतं, आठच्या आत पोचा. ब्राइसला आम्ही चुकलो ते कपड्यांत. वाळवंट म्हणजे गरम असं धरून सुती कपडे भरले. ब्राइसचा कडा ८,००० फुटांवर आहे. पहाटे सूर्योदयाला गेलो तर पारा शून्याजवळ होता आणि वहिनी हॉटेलचं ब्लँकेट पांघरून उभ्या होत्या. नागपूरच्या डिसेंबरचा स्वेटर तिथे पुरत नाही. जाड जाकीट न्याच. कॅपिटल रीफमध्ये फ्रुटा नावाच्या वस्तीत मॉर्मन पंथीयांच्या जुन्या फळबागा आहेत, हंगामात स्वतः फळं तोडता येतात. आम्हा संत्र्याच्या गावच्या माणसांना तिथे सफरचंदं तोडताना फार बरं वाटलं.

आता मूळ विषय.

हँक्सविलला टाकी भरा. तिथून हायवे ९५ ने ब्लँडिंगपर्यंत सुमारे १२० मैल, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर, भरवशाचा पंप नाही आणि फोनला बहुतेक ठिकाणी रेंजही नाही. रस्ता गुळगुळीत, वर्दळ नावाला. लाल खडकांतून खाली उतरून कोलोराडो नदी ओलांडतो, तो भाग सुंदर आहे. नॅचरल ब्रिजेस पाहून चारच्या सुमारास निघालो. नकाशाने मेक्सिकन हॅट एका तासावर दाखवलं. हायवे २६१ हा राज्याचा अधिकृत, क्रमांक असलेला रस्ता आहे, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. पहिले वीसेक मैल तो सपाट पठारावरून सरळ डांबरी जातो. मग एकाएकी पठार संपतं.

तिथे मोठी पाटी आहे. १० टक्के उतार, अरुंद खडीचा रस्ता, वळणांवर ताशी ५ मैल, जड ट्रक आणि मोटरहोम नेऊ नयेत. आम्ही ती वाचली. ती ट्रकवाल्यांसाठी आहे असं समजलो. दादा म्हणाला, "सिल्लेवानी घाट आपण भर पावसाळ्यात रात्री चढलो बापा, हे तीन मैल काय करते?" मलाही तसंच वाटलं. चूक दोघांचीही.

सिल्लेवानीला डांबर आहे, कडेला झाडी आहे, धडक सोसतील असे दगडी कठडे आहेत. मोकी डगवेला यातलं काही नाही. तीन मैलांत हा रस्ता कड्यावरून सुमारे १,२०० फूट खाली उतरतो, खडी आणि मातीचा, बहुतेक ठिकाणी कठड्याशिवाय. १९५० च्या दशकात युरेनियमचं खनिज खाणीतून मेक्सिकन हॅटजवळच्या कारखान्यात नेण्यासाठी ट्रकांकरता तो कड्यातून कापला. वळणांवर खडीला आडव्या लाटा उठलेल्या असतात. त्यांच्यावरून गाडी नुसती हादरत नाही, कडेच्या बाजूला सरकते. गाडी मी चालवत होतो. बायकोचा हात डॅशबोर्डवर होता आणि तिची नखं पांढरी पडली होती. मागून वहिनी एवढंच म्हणत होत्या, "भाऊजी, खाली पाहू नका, समोर पाहा." खाली सगळा व्हॅली ऑफ द गॉड्सचा लाल मुलूख पसरला होता. सगळे म्हणतात नजारा अप्रतिम आहे. असेल. मी पाहिला नाही.

निम्म्यावर समोरून एक पिकअप वर आली. वर चढणाऱ्याला वाट द्यायची, हा तिथला नियम. मी आतल्या बाजूला, खडकाला चिकटून घेतलं, आणि तिथेच कुठेतरी एक चपटा धारदार दगड मागच्या टायरला लागला असावा. खाली डांबर लागलं तेव्हा डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. घोड्याच्या नालासारखी खूण, मध्ये उद्गारचिन्ह. हवा कमी. उतरून पाहिलं तर टायरच्या नक्षीत नखाएवढी चीर आणि कान जवळ नेला की सूं आवाज.

डिकी उघडली, फळी उचलली, स्टेपनी नाही. त्या खोबणीत एक छोटा काँप्रेसर आणि टायरमध्ये भरायच्या चिकट द्रवाची बाटली. हल्ली बऱ्याच गाड्यांना तेवढंच देतात, आणि गाडी घेताना आम्ही चार बॅगा त्याच फळीवर रचल्या होत्या. द्रव भरला, दर पाच मैलांना थांबून हवा मारत अंधार पडताना मेक्सिकन हॅट गाठलं.

मोटेलच्या फोनवरून गाडीच्या कंपनीच्या मदतक्रमांकाला फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे एकच विचारलं, रस्ता कोणता होता? खरं सांगितलं. मग त्याने करारातलं कलम वाचून दाखवलं : कच्च्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा आणि मदत दोन्ही लागू नाहीत. म्हणजे काउंटरवर ज्या माणसाने "सगळं कव्हर आहे, कुठेही जा" म्हणून रोजचे जादा पैसे घेतले, त्याने ती ओळ दाखवलीच नव्हती. मी तिथे तीनदा विचारलं होतं की अजून काही अट आहे का. तीनदा नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी टो गाडी, ती केयेंटा गावी नेणं, नवा टायर, सगळं खिशातून. परत आल्यावर कंपनीला दोन पत्रं लिहिली, दोन्हींना करारातलं तेच कलम चिकटवून उत्तर आलं.

म्हणून गाडी घेताना एवढं कराच. "कच्चा रस्ता" असं स्पष्ट विचारून त्याचं कलम बोट ठेवून दाखवायला सांगा. रस्त्याला सरकारी क्रमांक आहे म्हणून तो पक्का असेल असं धरू नका. डिकीची फळी उचलून स्टेपनी पाहा, नसेल तर दुसरी गाडी मागा, मिळते. चारही टायरांचा जवळून व्हिडिओ काढा. उंच गाडी म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नव्हे, काउंटरवर दोन्ही एकच असल्यासारखं बोलतात.

मॉन्युमेंट व्हॅलीचा १७ मैलांचा फेराही कच्चा आहे, हे लोक सांगत नाहीत. लहान गाड्यांची रांग दिसते म्हणून आपणही घालावी असं वाटेल. एकदा पोळल्यावर आम्ही नवाहो या तिथल्या आदिवासी जमातीच्या वाटाड्याची उघडी जीप केली. महाग पडली, पण धूळ सोडली तर त्रास शून्य. ही जागा नवाहो लोकांची आहे, तिथे राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही, माणशी वेगळं तिकीट.

पासाचं गणित आता बदललंय. आम्ही ८० डॉलरचा वार्षिक पास घेतला होता. १ जानेवारी २०२६ पासून बाहेरच्या देशातल्या लोकांना तोच पास २५० डॉलरला. पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन धरून ११ मोठ्या उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा. चौघं असाल तर हिशोब करत बसू नका, पासच घ्या. हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाजवळचं पार्किंग पेज गावाचं आहे, तिथेही पास चालत नाही.

वेळेचा घोळ समजून घ्या. उन्हाळ्यात युटा आणि नवाहो प्रदेश घड्याळ तासभर पुढे करतात, बाकीचं ॲरिझोना करत नाही. पेज ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. हद्दीजवळ फोन कधी एका टॉवरची वेळ पकडतो, कधी दुसऱ्या. मनगटी घड्याळ घ्या, पेजची वेळ लावा आणि बुकिंग त्यावरच पाहा.

आता पेजजवळची अरुंद दरी, अँटिलोप कॅन्यन. वाटाड्याशिवाय प्रवेश नाही, पैसे भरपूर, आणि आत माणसामागे माणूस. वाटाडी फोटो काढून देते आणि पुढे ढकलते. टायरच्या प्रकरणाने आम्ही थकलो होतो, तरीही माझं मत ठाम आहे : पैसे मोजूनमापून असतील तर हे गाळा. त्याऐवजी मेक्सिकन हॅटजवळचे गूसनेक्स पाहा. सॅन व्हान नदी तिथे सरळ रेषेतल्या दीड मैलासाठी सहा मैल वळसे घेते, हजार फूट खोल. टायरची वाट पाहत असताना मोटेलवाल्याने आपल्या गाडीने आम्हाला तिथे सोडलं. आम्ही पोळी, ठेचा आणि जवसाची चटणी काढून कड्यावर बसलो. आमच्याखेरीज एक म्हातारं जोडपं, बस. सबंध सहलीत मला सगळ्यांत आवडलेली जागा तीच.

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, कोणत्याही अरुंद दरीत उतरताना आकाश निळं आहे म्हणून भुलू नका. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक लोंढ्यात गेले, आणि पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. वाटाड्याने फेरी रद्द केली तर वाद घालू नका.

ग्रँड कॅन्यनला आम्ही फक्त साउथ रिम, म्हणजे दक्षिण काठ, केला. नॉर्थ रिमचं लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळालं. तसंही एका काठावरून दुसरा दिसतो दहा मैलांवर आणि गाडीने पडतात २१५ मैल. ब्राइट एंजल पायवाटेने थोडंच उतरलो. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. नागपूरच्या मे महिन्यात वाढलोय म्हणून ऊन सोसेल हा भ्रम आहे. तिथे घाम येतो आणि दिसायच्या आत सुकतो, तहान कळत नाही. कड्यावर ७,००० फुटांची हवा, दम लवकर लागतो. माणशी तीन लिटर पाणी आणि खारट काहीतरी. आम्ही चिवडा नेला होता, तो वहिनींनी माझ्या हातात कोंबला म्हणून मी धड वर आलो.

पंपाबद्दल दोन गोष्टी. मशीन कार्ड घातल्यावर तिथला टपालाचा पिन कोड (झिप कोड) मागतं, भारतीय कार्ड अडतं. आत जाऊन काउंटरवर आधी पैसे भरा. आणि बहुतेक पंपांवर हिरवी नळी डिझेलची असते, आपल्याकडच्या सवयीने तीच हातात येते. दादाच्या हातात दोनदा आली, दोन्ही वेळा बायकोने ओरडून थांबवलं.

परत करताना काउंटरवर दुसराच माणूस होता. त्याने नवा टायर पाहिला, पावती मागितली, झेरॉक्स काढून घेतली. केयेंटाची पावती जपली नसती तर टायर बदलल्याचा आणखी एक आकार लागला असता, असं तोच म्हणाला. पावती फाडू नका, फोटोही काढून ठेवा.